तेल घालून आणलेलं मशीन

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक जुनं काळं शिलाई मशीन आहे. ते चालवलं की आतून कुठूनतरी ‘खट्’ असा आवाज येतो. प्रत्येक टाक्याला येत नाही. बरेच टाके सरळ पडतात, मग खट्, एक टाका सुटतो, आणि पुन्हा सगळं सुरळीत. आवाज नेमका कुठून येतो ते तुम्हाला शोधायचं आहे. कान देऊन ऐका.

आता असं समजा, की ज्या बाईंनी ते मशीन आणलं त्यांनी घरून निघण्याआधी त्याला पोटभर तेल पाजलं, फडक्याने पुसून लखलखीत केलं आणि मगच तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही चाक फिरवता. आवाज नाही. बिघाड गेला का?

उघडा डोळे. गेला नाही, नुसता गप्प बसला. आठ दिवसांत तेल सुकेल, आणि तोवर आतलं काहीतरी झिजून मोडलेलं असेल.

या गोष्टीतल्या मुलीला एवढं दहाव्या वर्षी कळत होतं. तिच्या घरातल्या मोठ्या माणसांना ते कळायला एक डोळा खर्ची पडला. डोळा त्यांचा नव्हता.

तिचे आजोबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. वय शहात्तर, तोंडात कवळी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं आणि जुनी गिऱ्हाइकं अजून मशीन घेऊन यायची. नातीला ते बॉबिन म्हणायचे, मशीनच्या आत फिरणाऱ्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरून. एक तर ती लहानशी, आणि दिवसभर त्यांच्याभोवती गरगर फिरायची.

आजोबांचा एक नियम होता. मशीन आलं की पहिली दहा मिनिटं हत्यार हातात घ्यायचं नाही. नुसतं चालवायचं आणि बघायचं. मग वहीत तीन ओळी लिहायच्या: बिघाड कधी होतो, किती वेळाने होतो, कशाने थांबतो. त्यांचं अक्षर थरथरायला लागल्यापासून वही बॉबिनकडे आली होती.

“बाई, मशीनला आंघोळ घालून आणलीत,” ते गिऱ्हाइकाला म्हणायचे.

“तसं मळकं कसं आणायचं हो, मिस्त्री? लाज वाटते.”

“मी काय सोयरीक जमवायला बसलोय? घरी न्या. आठ दिवस चालवा, तेल घालू नका. ओरडायला लागलं की तसंच उचलून आणा. मळकंच आणा.”

बाई कुरकुरत मशीन परत न्यायच्या. बॉबिन वहीत लिहायची: तेल घातलेलं. परत पाठवलं.

त्या वर्षी थंडी संपता संपता आजोबांचं डोकं दुखायला लागलं. कानाच्या जरा वर, डाव्या बाजूला. भांग पाडायला कंगवा लावला तरी ते तोंड वेडंवाकडं करायचे. मुलीचे बाबा एका सरकारी कचेरीत दप्तर सांभाळायचे. फार नीटनेटका आणि प्रेमळ माणूस. त्यांनी न्हाव्याला घरी बोलावून आजोबांचे केस अगदी बारीक कापून घेतले, म्हणजे कंगवाच नको. उशी टोचते म्हणाल्यावर पिसांची मऊ उशी आणली. डोकं ठणकलं की द्यायला गोळ्या आणून ठेवल्या.

मग सकाळी आजोबांचे खांदे आखडायला लागले. सदरा डोक्यावरून घालायला हात वरच जायचे नाहीत. आईने पुढून बटणं असलेले चार सदरे शिवून घेतले. वजन उतरलं, पँट कमरेवरून घसरायला लागली. बाबांनी एक नंबर कमी असलेल्या दोन पँटी आणल्या. “बघा, कसे तरुण दिसताय,” आई म्हणाली, आणि आजोबा तिच्यासाठी हसले.

मग जबडा दुखायला लागला. पाव, सफरचंद, काहीही चावायचं म्हटलं की थोड्या वेळाने ते हात खाली ठेवायचे आणि गालावर तळवा धरून बसायचे. कवळी बसत नसेल असं सगळ्यांनी ठरवलं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी एकदा घासली, दोनदा घासली, तिसऱ्यांदा घासली. शेवटी आईने मिक्सर काढला. तेव्हापासून आजोबांचं सगळं जेवण त्यातून निघायला लागलं. पाव दुधात भिजवून, भाजी वाटून, फळाचा गर करून. आई नोकरी सांभाळून दिवसातून तीन वेळा हे करायची आणि एकदाही तिने तोंड वाकडं केलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. या गोष्टीत कुणीही आळशी नव्हतं, कुणीही दुष्ट नव्हतं. तसं असतं तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

मिक्सर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मात्र बॉबिनने एक काम केलं होतं. दुपारी शाळेतून आल्यावर आजोबा आणि ती समोरासमोर बसून जेवायचे. तिने त्यांचे घास मोजले. तीन दिवस मोजले. मग वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं, मशीन: आजोबा. खाली नेहमीच्या तीन ओळी. चावताना दुखतं. पहिल्या घासाला दुखत नाही, दहाव्या-बाराव्याला दुखतं. चावायचं थांबलं की दोन मिनिटांत थांबतं.

मिक्सर सुरू झाल्यावर तिने ते पान आजोबांपुढे धरलं. “आजोबा, कवळी टोचत असती तर पहिल्याच घासाला टोचली असती ना?”

आजोबांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. “खरं आहे,” ते म्हणाले. “हे चालून चालून दमल्यासारखं दुखणं आहे. कवळीचं नाही.”

“मग आईला सांगा ना, वाटून देऊ नकोस म्हणून. नाहीतर डॉक्टरांना दिसणार कसं?”

“ती बिचारी एवढं करते. तिला काय सांगू, नको करूस म्हणून?”

“तुम्ही गिऱ्हाइकांना तर सांगता.”

“मशीनला सून नसते, बॉबिन,” आजोबा म्हणाले आणि वही मिटली.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी घरात सकाळपासून लगबग होती. आजोबांची दाढी झाली. नवा सदरा, नवी पँट. वाटेत त्रास नको म्हणून निघायच्या तासभर आधी दुखण्यावरची गोळी दिली. बाबांनी फाईल घेतली. तिच्यात दातांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, रक्ताचे जुने कागद वेगळे, प्रत्येकाला रंगीत पट्टी. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या बाईंनी ती फाईल बघून आपल्या नवऱ्याला कोपर मारलं: “बघा, मुलगा असावा तर असा.”

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड.

“डोकं दुखतं का, आजोबा?”

“हल्ली बरंच कमी आहे,” बाबा म्हणाले. “केस कापल्यापासून तर तक्रारच नाही.”

“झोप?”

“उशी बदलली. आता लागते.”

“जेवण कसं आहे?”

“उत्तम. तीन वेळा, सगळं संपवतात.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बॉबिन पुढे सरकली. “पण चावून नाही खात. मिक्सरमधून…”

बाबांचा हात तिच्या खांद्यावर आला. जोराचा नव्हता. “मोठी माणसं बोलतायत ना, राजा?”

“मी मोजलंय. वहीत आहे.”

“घरी बघू आपण.”

डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. “काय गं, डॉक्टर व्हायचंय का तुला?” असं विचारून त्यांनी तिला औषधाच्या जाहिरातीचं एक पेन दिलं आणि उत्तराची वाट न बघता कागदावर लिहायला लागले. वयोमानाने मान झिजली आहे. मानेचे व्यायाम. ताकदीच्या गोळ्या. तीन महिन्यांनी दाखवा.

आजोबा एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पडताना बॉबिनने त्यांना विचारलं, “का नाही बोललात?” ते म्हणाले, “इतकं छान चाललं होतं त्याचं. मध्ये कशाला खट् करू?”

परतीच्या बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली होती. अचानक त्यांनी चष्मा काढला, काचा सदऱ्याला पुसल्या, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग डाव्या डोळ्यावर हात धरला.

“काय झालं?”

“वरून पडदा सोडल्यासारखं झालं. करडा पडदा.” दोन थांबे गेले. “गेला. दिसतंय आता.”

तिने जाहिरातीच्या पेनाने वहीत लिहिलं: तारीख, सकाळचे सव्वाअकरा, डावा डोळा, पडदा आला, दोन थांब्यांनी गेला. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. फाईलच्या पहिल्या पानावर करायच्या कामांची यादी होती, तिच्यात पाचव्या क्रमांकावर लिहिलं: चष्म्याचा नंबर तपासणे.

“कधी?” तिने विचारलं.

“पुढच्या शनिवारी. यादीत आलं म्हणजे होणारच.”

चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, आजोबा टेबलाशी बसून सुईत दोरा ओवत होते. दोरा सुईच्या बाजूने जात राहिला. एकदा, दोनदा, पाचदा. ते थांबले. आधी डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, मग उजव्या डोळ्यावर. उजव्या डोळ्यावरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

“बॉबिन, खिडकी कुणी लावली का?”

“नाही, आजोबा. उघडी आहे.”

“असं.” त्यांनी सुई डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं. “मग बाबांना हाक मार.”

मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळ्याच्या आत पाहिलं, आणि पाच मिनिटांत त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे म्हाताऱ्या माणसांचे पोटातले, रक्तातले, चटकन हाती न लागणारे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. स्वतःही म्हाताऱ्याच. केस पांढरे, चप्पल सपाट, बोलणं सावकाश. बाबांनी फाईल उघडली तसा त्यांनी हात वर केला.

“फार व्यवस्थित आहे. बाजूला ठेवा, नंतर वाचते. आजोबा, तुमचं डोकं दुखतं?”

“हल्ली कमी…” बाबांनी सुरुवात केली.

“तुमचं दुखतं का?” डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं.

“माझं? नाही.”

“मग त्यांना बोलू द्या.”

आजोबांनी आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग खाली. “दुखतं,” ते म्हणाले. “गोळी उतरली की दुखतं.”

“यांच्याजवळ दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. बॉबिन भिंतीला टेकून उभी होती, वही पोटाशी धरून.

डॉक्टरबाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग आजोबांच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून बसल्या, जशी माणसं दाराला कान लावून बसतात. “हात दे,” त्या बॉबिनला म्हणाल्या आणि तिची बोटं तिथे ठेवली. कातडीखाली दोरीसारखं काहीतरी लागलं, जाड, गाठाळ. “आता स्वतःच्या कानशिलावर ठेव. उडतंय ना ठकठक? आजोबांचं?”

“उडत नाही.”

डॉक्टरबाईंनी टेबलाच्या खणातून आपला डबा काढला आणि त्यातला पावाचा कडक तुकडा आजोबांना दिला. “चावत राहा. मऊ झाला तरी चावत राहा. तू मोज गं.”

तिने मोजायला सुरुवात केली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. चाळीसपर्यंत आजोबा ठीक होते. पन्नासच्या पुढे हात गालाकडे गेला. चोपन्नला ते थांबले. आईने पदराने तोंड झाकलं. महिनाभरात तिने त्यांना चावताना पाहिलंच नव्हतं.

“नर्स, इंजेक्शन आत्ता द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तपासण्या मागून होतील. यात वाट बघायची नसते.” मग त्या बाबांशी बोलल्या, पण अशा बेताने की मुलीलाही कळावं. डोक्याला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून सुजतात. हा म्हातारपणीच होणारा आजार. नळी अरुंद झाली की बसल्या जबड्याला रक्त पुरतं, चावत्या जबड्याला पुरत नाही, म्हणून पहिल्या घासाला दुखत नाही आणि बाराव्याला दुखतं. खांदे, वजन, कंगवा, सगळं त्याचंच. तीच सूज डोळ्याच्या नळीत गेली की डोळा विझतो. स्टेरॉइडने सूज उतरते.

“म्हणजे डोळा परत येईल?” बाबांनी विचारलं.

“हा नाही. आता दुसरा वाचवायचा आहे.”

“थोडं आधी आलो असतो तर…”

डॉक्टरबाईंचं बोट अजून वहीवर होतं, बसमधल्या ओळीवर. ते बोट बाबांना दिसलं नाही. बॉबिनला दिसलं.

निघताना त्यांनी बजावलं. गोळ्या वर्षभर, कदाचित जास्त. तोंड सुजेल, साखर वाढेल, चिडचिड होईल, ते सगळं आपण सांभाळू. कमी करायच्या त्या मी करीन, अगदी मुंगीच्या पावलांनी. आणि मधे कधीही डोकं, जबडा, डोळा, यातलं काही पुन्हा सुरू झालं, तर त्याच दिवशी यायचं. तारीख नसली तरी यायचं. त्यांनी हे कागदावर लिहिलं आणि कागद बाबांच्या फाईलमध्ये न देता बॉबिनला दिला. “वहीत चिकटव.”

त्यानंतर काही दिवस घरात फोन वाजत राहिला. बाबा प्रत्येकाला सांगायचे: “मंगळवारी सकाळी लक्षात आलं, आणि अर्ध्या तासात हॉस्पिटलात. एक मिनिट घालवला नाही. म्हणून एक तरी वाचला.” सांगता सांगता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत गेला. बॉबिन टेबलाखाली बसून हे ऐकायची. एकदा ती बाहेर आली.

“बाबा, मी शुक्रवारी सांगितलं होतं. पडदा आला म्हणून.”

बाबांनी फोन खाली ठेवला. चेहरा पडला होता. आई पुढे झाली. “अगं, सांगितलं होतंस तर जरा नीट, जोर देऊन सांगायचं ना. आम्हाला काय स्वप्न पडतं?”

मुलांनो, मोठी माणसं असं करतात. त्यांना चूक दिसते, पण ती हातात धरवत नाही इतकी गरम असते, म्हणून ती जवळच्या लहान हातात देतात. आजोबा मात्र बोलले, एका डोळ्याने भिंतीकडे बघत: “तिने सांगितलं होतं. गप्प मी बसलो होतो.” तरी दुसऱ्या दिवशी फोनवर गोष्ट पहिल्यासारखीच सुरू झाली.

गोळ्यांनी काम केलं. आठवड्यात डोकं थांबलं, खांदे सुटले, आजोबा सफरचंद चावून खायला लागले. मिक्सर माळ्यावर गेला. सुईत दोरा मात्र आता बॉबिन ओवायची. एका डोळ्याला सुईचं भोक किती लांब आहे ते कळत नाही. तिसऱ्या महिन्यात आजोबांचं तोंड चेंडूसारखं गोल झालं, साखर वाढली आणि ते पहिल्यांदाच सुनेवर खेकसले. मग रडले.

आत्या भेटायला आली ती दारातच थबकली. “दादा, हे काय करून ठेवलंयस बाबांचं? ओळखू येत नाहीत. स्टेरॉइड देतोयस? अरे, विष असतं ते.”

“डॉक्टरांनी दिलंय.”

“डॉक्टर देणारच. आपण डोकं वापरायचं.”

बाबांनी डोकं वापरलं. फाईलमध्ये एक नवा तक्ता आला, पट्टीने रेघा मारलेला, डॉक्टरबाईंच्या कागदापेक्षा कितीतरी सुबक. मुंगीची पावलं त्यात नव्हती. पहिल्या आठवड्यात गोळी निम्मी, तिसऱ्या आठवड्यात निम्म्याची निम्मी. आजोबांचं तोंड उतरायला लागलं, तशी आई म्हणाली, “बघा, पुन्हा पहिल्यासारखे दिसताय.” आजोबा तिच्यासाठी हसले.

मंगळवार होता. बॉबिन शाळेचा गणवेश घालून बुटांचे बंद बांधत होती, आणि स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला.

तिचा बंद हातातच राहिला. ती आत गेली.

“काही नाही गं,” आई म्हणाली. “जबडा जरा भरून आलाय म्हणाले. पाव मऊ करून देते, तेवढाच आराम.”

“डोकं?”

“कालपासून थोडं. गोळी काढून ठेवलीय, खाल्लं की देते.”

बाबा दाराशी पिशवी खांद्याला लावत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि वही उघडून चिकटवलेला कागद दाखवला. “आजच जायचं आहे. त्याच दिवशी, असं लिहिलंय.”

“शुक्रवारी तारीख आहे ना आपली? तीन दिवसांचा प्रश्न आहे.” बाबांनी घड्याळ पाहिलं. “आज साहेबांपुढे दप्तर मांडायचंय. आणि असं जरा काही झालं की पळत सुटलं तर त्या बाईसुद्धा वैतागतील. फोन करून विचारतो मी दुपारी. यादीत लिहितो.”

“पाचव्या नंबरावर?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि जिना उतरून गेले.

आजोबा टेबलाशी बसले होते. समोर वाटलेल्या पावाची वाटी, बाजूला चमचा, चमच्याजवळ दुखण्यावरची पांढरी गोळी. ती त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, म्हणजे त्यांना दिसेल.

“आजोबा, मशीन ओरडायला लागलं की काय करायचं?”

ते चमच्याकडे बघत होते. “शुक्रवारी जाऊ, बॉबिन. तो म्हणतोय ना.”

“मी ते नाही विचारलं.”

खाली रस्त्यावर बाबांच्या बसचा आवाज आला आणि गेला.

“तसंच उचलून आणायचं,” आजोबा हळूच म्हणाले.

“आणि?”

“तेल न घालता.”

मग तिने काय केलं ते ऐका. तिने पांढरी गोळी उचलून आपल्या कंपासपेटीत टाकली आणि पेटीचं झाकण लावलं. वाटी उचलून परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पावाच्या पिशवीतून दोन कडक तुकडे काढून गणवेशाच्या खिशात घातले. आजोबांच्या पायांत चपला सरकवल्या. सदरा कालचाच होता, चुरगळलेला, एक बटण वरखाली लागलेलं. ते तिने तसंच राहू दिलं.

“अगं, कुठे निघालीस? आणि त्यांची दाढी तरी होऊ दे,” आई हात पुसत बाहेर आली. “असं कुणी नेतं का माणसाला डॉक्टरकडे?”

“असंच नेतात,” मुलगी म्हणाली.

तिने आजोबांचा हात धरला, डावीकडून, जिकडे त्यांना दिसत नव्हतं तिकडून. उंबऱ्याशी एकदाच थांबली. वही गुडघ्यावर टेकवून तिने वेळ लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटं, आणि त्यांना घेऊन जिना उतरायला लागली.